डब्लिन ते डेरी: आयर्लंडच्या सीमेवरून फिरताना

भारतीय पासपोर्टवर उत्तर आयर्लंडला जायचं असेल तर सगळ्यात आधी व्हिसाचं बघा. डब्लिनहून बेलफास्टला रेल्वेनं दोन-सव्वादोन तासांत पोचता येतं. वाटेत सहसा कुणी काही विचारत नाही, त्यामुळे साध्या आयरिश व्हिसावर जाऊन येऊ असं वाटू शकतं. तसं करू नका. डब्लिन ज्यात येतं ते दक्षिणेकडचं आयर्लंड हा स्वतंत्र देश, पण उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्या राज्याचा भाग आहे आणि तिथे ब्रिटनचे नियम लागतात. भारतातून अर्ज केल्यावर व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद मिळाली, तर तो एकच व्हिसा दोन्हीकडे चालतो. मात्र ज्या देशाने तो दिला, तिथेच आधी उतरावं लागतं. आमच्या व्हिसावर ही नोंद होती. डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला मात्र, तिथला रहिवासी परवाना असूनही, वेगळा ब्रिटिश व्हिसा काढावा लागला. हे मला फार खटकलं. ज्या सीमेवरून गायीगुरं आणि शाळेची मुलं रोज ये-जा करतात, ती तिथे राहून कर भरणाऱ्या माणसाला अशी आडवी येते. दक्षिणेकडे येणाऱ्या बस-रेल्वेत आयरिश पोलीस, म्हणजे गार्डा, अधूनमधून कागद तपासतात. पासपोर्ट सामानात टाकू नका, अंगावर ठेवा.

रेल्वेनं गेलात तर सीमा कधी गेली ते कळणारही नाही. ती बघायची तर गाडी घ्या आणि क्लोनिस ते कॅव्हन हा रस्ता धरा. थोड्याशा अंतरात हा एकच रस्ता चार वेळा सीमा ओलांडतो: दक्षिण, उत्तर, परत दक्षिण, परत उत्तर, आणि शेवटी दक्षिण. चौकी नाही, फाटक नाही, पाटीसुद्धा धड नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी तुटक रेघ संपून पांढरी सुरू झाली की समजायचं, उत्तर आलं. वेगमर्यादा किलोमीटरऐवजी मैलांत येते, तेव्हा काट्याकडे नीट बघा. मोबाइल आपणहून पलीकडचं नेटवर्क पकडतो, म्हणून रोमिंगचे दर आधी विचारून घ्या. गाडी भाड्याने घेतानाच उत्तरेत नेणार असल्याचं सांगा आणि विमा तिकडे लागू आहे ना, ते कागदावर बघा.

आम्ही उतरलो होतो त्या घरचे आजोबा शेतकरी. त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बोटाने रेघ काढून दाखवली: इकडे गोठा, तिकडे कुरण. १९२१ मध्ये फाळणी झाली आणि जिल्ह्यांच्या जुन्या हद्दी सीमा बनल्या, त्या कुणाच्या शेतातून जातात हे न बघता. मोटारी फक्त ठराविक ‘मंजूर’ रस्त्यांवरूनच न्यायच्या, जकात नाक्यावर पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. पुढे एकीकरणवादी आणि ब्रिटनवादी गटांच्या हिंसाचाराच्या काळात ब्रिटिश लष्कराने लहान रस्ते सुरुंगांनी उडवून खड्डे पाडले. चार पावलांवरच्या चर्चला जायला मैलोगणती वळसा पडायचा. रविवारी गावकरी जमून खड्डे बुजवायचे, लष्कर येऊन पुन्हा उकरायचं. जकात नाके गेले ते १९९३ च्या सुरुवातीला, युरोपची एकच बाजारपेठ झाल्यावर. लष्कर गेलं १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर, हळूहळू. आजोबा म्हणाले, “ब्रेक्झिटचा निकाल लागला त्या रात्री मला पहिल्यांदा ते खड्डे आठवले.”

सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, दोनशेहून जास्त रस्ते, आणि उत्तरेतलं जवळजवळ एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातं. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यावर यावर मालाची तपासणी बसवायची म्हणजे काय, हे इथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या ५५.८ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, त्यांनी २०१८ मध्ये युरोपच्या नेत्यांपुढे एक वर्तमानपत्र ठेवलं. न्यूरीजवळच्या जकात नाक्यावर १९७२ मध्ये झालेल्या स्फोटाची आठवण त्यात होती. नऊ माणसं गेली होती. २०१९ मध्ये वराडकरांची ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी भेट झाली आणि तोडग्याची वाट मोकळी झाली: जमिनीवर तपासणी नाही, ती बंदरांवर, ब्रिटनच्या मुख्य बेटाहून येणाऱ्या मालावर.

त्याची किंमत बेलफास्टच्या शँकिल रोडवर, ब्रिटनशी एकनिष्ठ अशा प्रोटेस्टंट वस्तीत, दिसते. काळ्या टॅक्सी चालवणाऱ्यांबरोबर फिरा आणि शक्यतो कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही समाजांचे चालक घ्या, कारण एकाच भिंतीची गोष्ट दोघे वेगवेगळी सांगतात. कॅथलिक फॉल्स आणि शँकिलच्या मधली ती उंच भिंत अजून उभी आहे, काही फाटकं रात्री बंद होतात. शँकिलवरच्या एका दुकानदार बाईंनी सॉसेजचा पुडा उलटा करून ‘युरोपसाठी नाही’ हा छापील शिक्का दाखवला. त्या म्हणाल्या, “मी ब्रिटिश आहे आणि माझ्याच देशातून आलेल्या मालावर हे लिहावं लागतं.” त्यांचं दुखणं खरं आहे. उत्तर-दक्षिण एकीकरणाची बाजू घेणाऱ्यांनी ते आधी ऐकावं.

एकीकरण होईल का? २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट व इतर ख्रिस्ती ४३.५ टक्के निघाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशेल ओनील पहिल्या राष्ट्रवादी, म्हणजे एकीकरणाच्या बाजूच्या, फर्स्ट मिनिस्टर (तिथल्या सरकारच्या प्रमुख) झाल्या. पण धर्म मोजून मत कळत नाही. ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे उत्तरेतल्या पाहण्यांत अजून पुढे असतात, आणि कुठल्याच बाजूचे नाहीत असे लोक वाढताहेत. गुड फ्रायडे करारानुसार बहुमत एकीकरणाकडे झुकल्याचं दिसलं, तर ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घ्यायचं. ते ‘दिसणं’ कसं ठरवायचं, हे करारात नाही. मला एकीकरण व्हावंसं वाटतं, पण निसटत्या बहुमतावर नको. जेमतेम बावन्न टक्के मतांवर झालेल्या ब्रेक्झिटचं काय झालं, ते समोर आहे.

उत्तर आयर्लंडमधल्याच डेरीला बेलफास्टहून रेल्वेनेच जा, शेवटचा टप्पा समुद्राला अगदी खेटून आहे. डावीकडे नको, उजवीकडे बसा. गावाचा तट पूर्ण शाबूत आहे, त्यावरून फेरी मारता येते. खाली बॉगसाइड ही कॅथलिक वस्ती, जिथे ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश लष्कराने नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी गेले. ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागायला २०१० उजाडलं. तिथलं संग्रहालय लहान आहे, पण निदान दोन तास ठेवा.

बारा जुलैच्या आसपास जाणं टाळा. प्रोटेस्टंट समाजाच्या मिरवणुकांमुळे रस्ते आणि बरीच दुकानं बंद असतात. उत्तरेत पौंड, दक्षिणेत युरो, कार्ड दोन्हीकडे चालतं. बेलफास्टच्या बँकांनी छापलेल्या पौंडाच्या नोटा मात्र तिथेच संपवा, लंडनच्या दुकानातही त्या घ्यायला कां-कू करतात आणि भारतात तर बदलून मिळणं अवघडच.