17 जुलै, पाण्याची वेळ

पहाटे साडेचारलाच जाग आली. मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता. जाऊन बघते तर आई नळ सोडून उभी, आणि खाली तिची ती पितळी कळशी. इमारतीला टाकी आहे, पंप आहे, हे तिला शंभरदा सांगून झालंय. पण तीन दिवस पाणी कमी दाबाने येतंय, टाकी अर्धीसुद्धा भरत नाही. मग बाई कसल्या झोपतायत!

"आज सतरा ना गं?" तिने विचारलं. "मृणालताई गेल्या तो दिवस."

2012 साली गेल्या मृणाल गोरे, गोरेगावच्या वस्त्यांच्या पाण्यासाठी लढलेल्या, वसईला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या दिवशी आई जेवली नव्हती, हे मला चांगलं आठवतंय.

आई 1964 मध्ये लग्न होऊन गोरेगावच्या वस्तीत आली. तिच्या तोंडून ऐकलेलं गोरेगाव म्हणजे रांगच. पाणी सोडणारा पालिकेचा चावीवाला यायच्या आधी अंधारात जाऊन हंडा लावायचा, आपला नंबर सोडायचा नाही, आणि पाणी गेलं की उरलेल्या बायकांनी दुसऱ्या गल्लीत हात पसरायचे. कळशीच्या काठाला जो पोचा आहे तो त्याच रांगेतल्या भांडणातला. कल्हई कितीदा झाली, पोचा तिने कधी काढू दिला नाही.

मला याची चीड येते ती वेगळ्याच कारणाने. आरेच्या पलीकडे विहार तलाव आहे, 1860 पासून मुंबईला पाणी देणारा. 1957 मध्ये वैतरणा नदीवरचं मोडक सागर धरणही झालं. म्हणजे शहरात पाणी येत होतं. वस्तीला नव्हतं, कारण झोपडी अनधिकृत आणि अनधिकृत झोपडीला नळ देता येत नाही, हा कागद आडवा यायचा. माणसं तिथे राहतात, शहरात राबतात, त्यांना तहान लागते, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

मृणालताई 1961 मध्ये महापालिकेत निवडून गेल्या त्या या कागदाशी भांडायला. डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी, राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी वैद्यकीय शिक्षण सोडून आलेली. पती केशव गोरे, सगळ्यांचे बंडू गोरे, 1958 मध्ये गेले तेव्हा त्या तिशीच्या, पदरात लहान मुलगी. घरात बसून दुःख करत राहिल्या असत्या तर कोणी नावं ठेवली नसती. त्या वस्त्यांमधून फिरत राहिल्या. सभागृहात प्रश्न, अधिकाऱ्यांकडे खेपा, आणि तरी हललं नाही की रिकामे हंडे घेऊन बायकांचा मोर्चा. आई अशा एका मोर्चात होती, पार मागच्या रांगेत. घरी सासूला सांगितलं नव्हतं. "हंडा घेऊनच निघाले, म्हणजे पाण्यालाच चाललेय असं वाटलं त्यांना," हे सांगताना ती अजून हसते.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1972 मध्ये आमदार, त्याच सुमाराला अहिल्याताई रांगणेकरांसोबत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका, मग आणीबाणीतलं भूमिगत राहणं आणि तुरुंग. 1977 मध्ये त्या लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी हरल्या, आणि मुंबईभर घोषणा झाली, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात'. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, कायदा केला, त्यामागे विधानसभेतला त्यांचा पाठपुरावा होता. दिंडोशीला नागरी निवारा या गृहप्रकल्पाची हजारो घरं उभी राहिली, त्यातही त्या होत्या.

पण लोकांनी नाव काय दिलं? पाणीवाली बाई. खासदार झाल्या तरी तेच. मला हे फार मोठं वाटतं. नगरसेवकपद म्हणजे पुढच्या तिकिटाची पायरी असं आता सगळे धरूनच चालतात. त्यांचं नाव मात्र त्या पहिल्या पायरीवरच पडलं, आणि ते टिकलं. गल्लीत किती इंचाची वाहिनी आहे, चावी कोणत्या वेळेला फिरते, शेवटच्या घरापर्यंत धार पोचते का, हे ज्याला माहीत असतं तोच खरा लोकप्रतिनिधी, असं मी मनापासून मानते.

दुपारी पाण्याच्या तक्रारीसाठी कार्यालयात जाऊन आले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. शेवटी अर्ज ठेवून घेतला, "बघतो" म्हणाले. 2022 च्या 7 मार्चला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ मुंबईत 227 पैकी एकही नगरसेवक नव्हता, तेव्हा या टेबलांना कोणाला उत्तर न द्यायची सवय लागली असणार. त्या काळात मीही गप्प बसले होते. पाणी येत होतं ना माझ्या नळाला. आज आईकडे बघताना ते बोचलं.

संध्याकाळी शेजारच्या तीन मजल्यांवर फिरून सह्या घेतल्या. सतरा झाल्या. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, सकाळी मीही येते तुमच्याबरोबर. आईला सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, "आपल्या मागच्या चाळीत येतंय का गं पाणी?"

मी विचारलंच नव्हतं. उद्या आधी तिकडे जाणार आहे, मग कार्यालयात.