सिमेंटच्या लाद्यांवरून लागला शोध

आज दादर ते बोरिवली एकच कोडं, कुणाला तरी जुन्या कॉम्प्युटर गेमचं नाव आठवेना: ‘वाळवंट होतं, रणगाडे होते, गेमचं नाव सांगा.’ अहो, रणगाडे निम्म्या गेम्समध्ये असतात! विचारायचं ते हे: माऊस ओढून अख्खी फौज एकदम निवडता यायची का? नाही, एकेक रणगाडाच. इमारतीखाली आधी सिमेंटच्या लाद्या टाकाव्या लागायच्या? हो, नाहीतर इमारत उभी राहतानाच खिळखिळी. ‘मसाला’ (गेममधली वाळूत सापडणारी मौल्यवान वस्तू) गोळा करणारी गाडी वाळूतला किडा गिळायचा? हो हो! मग १९९२चा ‘ड्यून २’च. फौज एकदम निवडता आली असती तर १९९८चा ‘ड्यून २०००’. लाद्या त्यातही आहेत, तिथेच लोक फसतात. विचारणाऱ्याला आठवणारा विजेचा लोळ फेकणारा मनोरा मात्र ‘रेड अलर्ट’ या दुसऱ्याच गेममधला, तो आठवणीत उगाच मिसळला होता.