मागचं चाक

सायकलच्या एलिमिनेशन शर्यतीत, म्हणजे शेवटचा एकेक जण बाद होत जातो त्या शर्यतीत, पंच पुढचं चाक बघतच नाही. फक्कीच्या रेषेला डोळा लावून तो वाकतो आणि कुणाच्या मागच्या चाकाची मागची कड सगळ्यांत शेवटी रेष ओलांडते, ते बघतो. तो बाद. हे आमच्याकडच्या प्रेक्षकांना समजावता समजावता माझी नोकरी संपत आली.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात यात्रेच्या शर्यती होत्या. मी शाळेत पीटीचा सर, म्हणून रेषेवर मी. 250 मीटरच्या लाकडी ट्रॅकवर दर दोन फेऱ्यांना एक जण बाद होतो. आमचं मैदान 400 मीटरचं, सपाट मातीचं, म्हणून दर फेरीला एक. बारा पोरं, अकरा फेऱ्या. बक्षिसाचे पैसे वाचवायला कमिटीने साधी सायकल आणि रेसर हे दोन्ही गट एकत्र केलेले. मी नको म्हटलं. "पोरंच हाईत सर, पळू द्या की."

एक पोरगा दुधाच्या किटल्या अडकवायची काळी सायकल घेऊन आलेला. कॅरिअरसुद्धा काढलं नव्हतं. लोक हसले. पण पळायला लागल्यावर मी बघतच राहिलो. रेसरवाली पोरं जवळचा रस्ता म्हणून आतल्या कडेला चिकटली आणि तिथंच कोंडली. पुढे एक, बाजूला एक, रेष आली तरी बाहेर पडायला वाट नाही. चांगल्या दमाचे तिघं असेच गेले. एक हुशार मुद्दाम शेवटी राहून दर फेरीला रेषेच्या तोंडावर एकाला गाठायचा. पाचव्या फेरीला त्याचं गणित चुकलं. हा दूधवाला मात्र तिसऱ्या-चौथ्या जागी, सगळ्यांच्या बाहेरच्या अंगाला. एक मीटर बाहेरून गेलं की फेरीला सव्वासहा मीटर जास्त पडतात, तेही त्या लोखंडाच्या धुडावर. तो ती किंमत मोजत होता, पण कोंडला एकदाही नाही. कुणी शिकवलं असेल त्याला? मी तर नाही.

चौघं उरले. पुढचे दोघं निघून गेले. मागे दूधवाला आणि एक रेसर, खांद्याला खांदा. रेषेवर दूधवाल्याचं पुढचं चाक स्पष्ट पुढे. सगळ्या गावाने बघितलं. मागचं चाक चार बोटं मागे. ते फक्त मी बघितलं.

शिट्टी मारली, त्याचा नंबर पुकारला.

मग जे व्हायचं ते झालं. दहा मोबाइल नाकासमोर आले. सगळे तिरपे, रेषेच्या समोरून एकही नाही. तिरपं बघितलं की कोण पुढे, कोण मागे ते फसवंच दिसणार, पण तापलेल्या माणसाला हे कोण सांगणार? कमिटीवाले तेवढ्यात चहाला गेले होते. एक फेरी कुणालाच बाद न करता जाऊ दिली असती, तर? हातात शिट्टी माझ्याच होती.

पोरगा सायकल ढकलत आला. "सर, चाक पुढं होतं न्हवं माझं?"

"होतं. पुढचं."

त्याने मान हलवली आणि गेला.

सोमवारी शाळेच्या स्टँडवर टेप लावली. शिपायाची काळी सायकल, चाकाच्या कडेपासून कडेपर्यंत, 188 सेंटिमीटर. नववीतल्या एका पोराची रेसर 166.