पोटरीतला गोळा आणि पोटॅशियमचा रिपोर्ट

रात्री पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढायची आणि गोळा सैल होईपर्यंत धरून ठेवायची. हात पोचत नसेल तर उभं राहून टाच जमिनीवर दाबायची. एवढं लवकर जमलं. माझं घोडं अडलं ते रिपोर्टवर.

बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी (माझी क्लोरथॅलिडोन) चालू असली की पोटॅशियम उतरू शकतं आणि त्यानेही गोळे येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर दंडाला पट्टा आवळतात आणि वर म्हणतात, "मूठ उघडझाप करा." त्या उघडझापीनेच स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात उतरतं. मग ट्यूब जळगावच्या लॅबची गाडी येईपर्यंत पडून. कुणी काळजीने फ्रिजमध्ये ठेवतो, ते तर आणखी वाईट: गारठ्यात पेशींचा पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटल्या तर विचारूच नका. अशाने खरं ३.२ असलेलं कागदावर ३.८ दिसू शकतं. नॉर्मल साधारण ३.५ ते ५, त्यामुळे सगळे निर्धास्त! "पोटॅशियम ठीक आहे, रोज दोन केळी खात जा." रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हा सल्ला फुकटच मिळतो.

मशीन जागेवर असलेली लॅब गाठा. मूठ सैल ठेवा, रक्त येऊ लागलं की पट्टा सोडायला सांगा, आणि सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) तासाभरात वेगळं करतात का ते विचारा. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' (म्हणजे पेशी फुटलेल्या) लिहिलं असेल तर तो आकडा धरू नका, पुन्हा रक्त द्या. असा काढलेला माझा रिपोर्ट कमीच आला, गोळी बदलली आणि रात्री शांत झाल्या. बीपीची गोळी मनाने मात्र बंद करू नका. किडनीचा त्रास असेल तर केळीसुद्धा विचारूनच.

मेमध्ये भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा शेतात घाम गाळून आलेला गोळा बहुधा पाणी आणि मीठ गेल्याचा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरात ते फार खारट होतं.

एकच पाय सुजून गरम झाला असेल, तर आत रक्ताची गाठ असू शकते. तिथे चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, तेव्हा रक्तवाहिन्या तपासून घ्या.

झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, मागची टाच न उचलता ३० सेकंद ताण, दोन्ही पायांना तीनतीनदा. आणि जड गोधडी पायाशी खोचू नका, तिच्या भाराने पंजा खाली वाकतो.