तुम्ही विचारलंत म्हणून: अँटिबायोटिक आणि पोटातली बुरशी

मालवणात माझं औषधांचं दुकान आहे. अँटिबायोटिकची पट्टी पुढे केली की एखादी वयनी हमखास विचारते, "ह्येच्यान पोटात बुरशी धरता म्हणतत, ता खरां काय?"

खरं आहे, पण अर्धंच. ही बुरशी म्हणजे कँडिडा नावाचं यीस्ट. ते गोळीतून येत नाही. बऱ्याच धडधाकट माणसांच्या आतड्यात थोडंफार असतंच. जिवाणूंच्या गर्दीत त्याला ना पुरेसं खायला मिळत, ना चिकटायला जागा. शिवाय काही जिवाणू त्याला न मानवणारी आम्लं सोडतात. अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक जिवाणूंना त्यांची भिंत बांधू देत नाही. यीस्टची भिंत वेगळ्याच मालाची, ग्लुकान आणि कायटिनची. त्यामुळे मरतात जिवाणू, आणि रिकाम्या जागेत यीस्ट फोफावतं.

बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही. कुणाच्या जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखे डाग येतात, बायकांना खाज सुटते, अंगावरून पांढरं जातं. मधुमेह असला तर जास्तच. तेव्हा डॉक्टरांना दाखवावं.

जुलाब लागले की मात्र लोक सगळं खापर बुरशीवर फोडतात. मला ते पटत नाही. बहुधा जिवाणूंचीच घडी विस्कटलेली असते. शौचाच्या रिपोर्टात यीस्ट दिसलं म्हणून कुणी बुरशीची गोळी मागायला आलं, तर मी नुसती हातात देत नाही. रक्त पडलं किंवा ताप आला तर थेट दवाखाना गाठायचा.

"मगे सोलकढी पिऊ?" खुशाल प्या, पण ती आंबवलेली नसते, तिच्यातून जिवाणू मिळायचे नाहीत. ताक प्या. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर गोळी आणि ताक यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा. ताकातलं कॅल्शियम गोळी अंगी लागू देत नाही.

गंमत म्हणजे, जुलाब टाळायला डॉक्टर कधीकधी जोडीला जी कॅप्सूल लिहून देतात, तिच्यातही यीस्टच असतं, सॅकरोमायसिस बुलार्डी. हेन्री बुलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या फळांवरून ते वेगळं काढलं. मँगोस्टीन म्हणजे आपल्या कोकमाचं भावंडच! यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने ते मरत नाही. पण प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या पेशंटला तेच रक्तात शिरून बाधू शकतं, म्हणून ही कॅप्सूलसुद्धा शेजारणीला मानवली म्हणून घेऊ नका.