वरिष्ठ वेतनश्रेणी: माझा अनुभव

जून 2012 मध्ये परळच्या एका अनुदानित शाळेत मी शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीला पगाराऐवजी मानधनावर काम करणारी शिक्षिका, म्हणून रुजू झाले. माध्यमिकला मानधन महिना 8000 रुपये, तेही तीन वर्षं. बदलापूरचं घरभाडं गेलं की हातात फारसं काही राहत नसे. त्याच आठवड्यात गणिताचे एक सर लागले होते. मुलं त्यांच्या तासाची वाट बघायची. दुसऱ्या वर्षी ते क्लासेसमध्ये गेले. हेच मानधन 18000 व्हायला 2023 उजाडलं. तोवर असे किती चांगले शिक्षक हातचे गेले असतील!

2024 मध्ये माझी बारा वर्षं भरली. बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरची, म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणी हवी तर आधी प्रशिक्षण. नोंदणीचे 2000 रुपये खिशातून भरले. शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा खर्च शिक्षकाकडूनच घ्यावा, हे मला आजही पटत नाही.

प्रशिक्षण झालं जून 2025 मध्ये, दहा दिवस, प्रत्यक्ष हजेरीचं. सुरुवातीचे दिवस धोरण आणि आराखड्याच्या स्लाइड्समध्ये गेले. मग एके दुपारी मार्गदर्शक बाईंनी दहावीच्या एकाच उत्तराच्या झेरॉक्स आमच्या गटात वाटल्या. म्हणाल्या, "गुण द्या, शेजाऱ्याचं बघू नका." पाच गुणांपैकी कोणी दीड दिले, कोणी साडेचार. मी चार दिले होते. दीडवाल्या सरांनी कारण सांगितलं तेव्हा मी गप्पच झाले. मी अक्षराला गुण दिले होते. इतक्या वर्षांत माझं तपासणं कोणी असं समोर ठेवून बोललंच नव्हतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकासाठी दरवर्षी 50 तास प्रशिक्षण सांगितलंय. अशी दुपार मला पहिल्याच वर्षी मिळायला हवी होती, पगारवाढीची अट म्हणून तेराव्या वर्षी नव्हे.

प्रमाणपत्र आलं, प्रस्ताव गेला आणि त्रुटी लागून परत आला. एका वर्षाचा गोपनीय अहवाल, म्हणजे मुख्याध्यापकांनी माझ्या कामावर दिलेला वार्षिक शेरा, नाही! तेव्हाच्या मुख्याध्यापिका निवृत्त झालेल्या. आमच्या क्लार्ककाकांनी दोन दिवस माळ्यावरचे गठ्ठे उपसले. अहवाल सापडला दुसऱ्याच बाईंच्या फाइलमध्ये, टाचणीचा गंज कागदावर उतरलेला. काका नसते तर मी आजही खेटे घालत असते. पुढे मंजुरी, वेतननिश्चिती, सेवापुस्तकात नोंद असं होत होत पगार वाढला. मागच्या थकबाकीचं, म्हणजे फरकाचं बिल अजून निघायचंय.

यंदा आमच्याकडे गणिताला नवी शिक्षणसेवक मुलगी आली आहे. गोपनीय अहवालाची प्रत दरवर्षी मागून घे, हे तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही चौघी एकच उत्तरपत्रिका घेऊन बसतो. परवा तिने तीन दिले, मी दोन. अर्धा तास वाद झाला आणि शेवटी मी माझे गुण बदलले.