नागमोडी लाल रेघ

दुपारचे तीन वाजले होते. नवा मदरबोर्ड बसला होता, विंडोज टाकून झालं होतं, प्रिंटरनेही फारसे आढेवेढे घेतले नव्हते. मोठ्या ऐटीत मी अर्धवट राहिलेल्या लेखाचं पुढचं वाक्य टाइप केलं : 'रंगपंचमीची गेर राजवाड्यासमोर आली तेव्हा...' आणि गेरखाली, म्हणजे आमच्या इंदुरात रंगपंचमीला निघणाऱ्या मिरवणुकीच्या नावाखाली, नागमोडी लाल रेघ उमटली. त्यावर उजवं क्लिक केलं तर सुचवणी काय, 'गैर'.

ही रेघ मी कित्येक वर्षांपूर्वी मिटवली होती. आमचं भांडण संपलं होतं.

जुनं यंत्र तसं काही वाईट नव्हतं. पण विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो निदान आठव्या पिढीचा हवा. माझा चौथ्या पिढीचा. घरात चार पिढ्या म्हणजे केवढं कौतुक, इथे मात्र त्याच कारणासाठी बाहेरचा रस्ता. मग एके सकाळी पोहे-जलेबी खाऊन सिल्व्हर मॉल हा कॉम्प्युटरचा बाजार गाठला आणि बोर्ड, प्रोसेसर, रॅम घेऊन आले. कॅबिनेट जुनंच ठेवलं, त्यावर लेकीने दुसरीत असताना चिकटवलेलं फुलपाखरू आहे. दुकानातला मुलगा म्हणाला, "आंटी, विंडोज भी डाल दूं?" मी नको म्हटलं.

विंडोज मी कोणाला टाकू देत नाही. एक्सपीच्या काळात शेजारच्या एका हुशार मुलाने पोह्यांच्या दोन बशा संपवून 'फॉरमॅट मारून' दिला होता, आणि तो गेल्यावर पाहते तर माझ्या सगळ्या मराठी फायलींमध्ये नुसते चौकोन. एक्सपीत देवनागरी दिसायला एका आडबाजूच्या खिडकीत जाऊन वेगळी खूण करावी लागे आणि ती केली की ते सीडी मागे. सीडी त्या मुलाबरोबर गेलेली, मुलगा मामाकडे देवासला गेलेला. चार दिवस चौकोन बघत बसले. तेव्हापासून हे काम माझं मी करते, पापड लाटण्यासारखं, दार लावून.

या वेळीही एक गंमत झालीच. विंडोज मध्येच अडून बसलं : आधी इंटरनेट जोडा. इंटरनेट जोडायला नव्या बोर्डाचा ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर तर इंटरनेटवर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसलाच प्रकार. शेवटी फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट दिलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. मग लायसन्स. ते मदरबोर्डाला बांधलेलं असतं, त्यामुळे बोर्ड बदलला की विंडोजच्या लेखी ते यंत्रच दुसरं. 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं आहे' अशी कबुली देऊन, खात्याची ओळख पटवून तेही निस्तरलं. जुनी डिस्क नव्या पद्धतीने आखायची म्हणून सगळी पुसली होती, पण त्याआधी फोटो, लेख, लाइटची बिलं, सासऱ्यांनी टाइप करून ठेवलेली वंशावळ, सगळं बाहेर काढलं होतं. काही म्हणून विसरले नव्हते.

एक फाइल सोडून. आपण 'शब्दकोशात जोडा' म्हणतो ते शब्द वर्ड एका फाइलमध्ये ठेवतं. साधी फाइल, एका ओळीवर एक शब्द. पण ती राहते ॲपडेटा नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या फोल्डरच्या पोटात. न दिसणाऱ्या गोष्टी बांधून घ्यायच्या राहतात, घर बदलताना देवघरामागची किल्ली राहते तशा.

त्या फाइलमध्ये माझं इंदूर होतं. पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, जीरावन. सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे (याला सुचवणी 'परिमळ', खवट परमल खाल्ले असते तर सुचली नसती). गराडू, तळून खायचा कंद, ज्याचा वर्ड हटकून 'गराडा' करतं. सराफ्यातल्या खाऊगल्लीत थंडीच्या रात्री गराडूच्या कढईभोवती बघितलं तर तेही चूक नाही. झांकी, म्हणजे मिरवणुकीतला देखावा. बाखल, म्हणजे गल्लीतली वस्ती. ओटला, म्हणजे घरापुढचा ओटा. शिवाय आमच्यातली निम्मी आडनावं.

तरी कॉम्प्युटरचं बरं, तो शब्दापुरतंच बोलतो. 'मी येऊन राहिलेय' लिहिलं तर त्याची काही तक्रार नाही. पुण्याला मात्र होती. मी आठ-नऊ वर्षांची असताना मे महिन्यात आत्याकडे गेले होते. दुपारी पंगत बसलेली, कोणी तरी बाहेरून हाक मारली, मी ओरडून सांगितलं, "मी जेवून राहिलेय!" आतेभावंडं हसून लोळायची बाकी. "राहिलीस म्हणजे? जेवलीस की जेवायची राहिलीस?" मला काही कळेना. आत्या हसली नाही, तिने गुपचूप आणखी एक पोळी वाढली आणि हळूच म्हणाली, "जेवतेय म्हणावं, बाळा." आत्या जन्मली-वाढली आमच्याच रामबागेतल्या घरात. पण लग्नानंतर वर्षभरात तिने हे सगळं काढून टाकलं होतं, म्हणे. कोणत्याही वाक्याखाली रेघ येणार नाही असं मराठी ती बोलायची. बाबा तिला फोनवर मुद्दाम "काय करून राहिलीस?" विचारायचे आणि ती "काही नाही, बसलेय" असं ठणठणीत उत्तर द्यायची.

संध्याकाळपर्यंत तीसेक शब्द जोडून झाले. जसजशी रेघ उमटेल तसतसा एकेक. मुद्दाम बसून आठवायला गेलं तर एकही आठवत नाही.

सातच्या सुमारास आतेबहिणीचा फोन आला. आत्या आता ब्याऐंशीची आहे. "जरा बोल तिच्याशी, दुपारपासून ओटल्यावर जायचं म्हणतेय. ओटला म्हणजे काय गं?" मी सांगेपर्यंत तिने फोन आत्याच्या कानाला लावला.

"आत्या, कशी आहेस?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तोच ठणठणीत आवाज, "कोण बोलून राहिलंय?"

मी नाव सांगितलं. मग बाबांचं नाव सांगितलं. मग रामबाग म्हटलं, तेव्हा म्हणाली, "मग बाहेर काय उभी राहिलीस? आत येऊन जा ना."